आल्प्समधल्या गावाचं छोटं पॉवरहाऊस: ओढा एवढासा, मग वीज येते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्वित्झर्लंडमध्ये ग्राउब्युंडेनच्या एका दरीत चालताना गावाच्या खालच्या अंगाला गॅरेजएवढी इमारत दिसली, आतून एकसुरी घूं आवाज, खालून फेसाळ पाणी बाहेर पडतंय, आणि पाटीवर लिहिलंय की हे गावाचं वीजकेंद्र. शेजारचा ओढा मात्र दगडांवरून उड्या मारत ओलांडता येईल एवढाच. तर एवढ्याशा पाण्यावर गावाला वीज कशी पुरते, हिवाळ्यात सगळं गोठतं तेव्हा काय करतात, हे चालवतं कोण, आणि सह्याद्रीत इतके धबधबे असताना आपण हे का करत नाही?

मी या कामात बरीच वर्षं आहे, आल्प्समधल्या अशा छोट्या केंद्रांचं डिझाइन करायचं, मशीन बसवून चालू करून द्यायचं आणि नंतर काही बिघडलं की बघायला जायचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, ओढ्याकडे बघून अंदाज बांधू नका, वर डोंगराकडे बघा. वीज किती मिळणार हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं, पाणी किती आणि ते किती उंचीवरून येतंय. आमचा तोंडी हिशोब असा, सेकंदाला किती घनमीटर पाणी गुणिले किती मीटर उंची गुणिले ८, की साधारण किलोवॉट येतात (खरा आकडा ९.८१, पण पाइप, टर्बाइन, जनरेटर सगळ्यांत थोडं थोडं जातं म्हणून ८ धरायचे). समजा ओढ्यातून सेकंदाला १०० लिटर घेतले. म्हणजे साडेतीन क्युसेक. आपल्याकडे पावसाळ्यात खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेक सोडले अशा बातम्या वाचायची सवय असते, त्यापुढे साडेतीन क्युसेक म्हणजे काहीच नाही. पण तेच पाणी ३०० मीटर वरून आणलं तर २४० किलोवॉट. वर्षभर ते फुल चालत नाही, बर्फाच्या हिशोबाने कमीजास्त होतं, पूर्ण क्षमतेचे ४,००० तास धरले तर वर्षाला साडेनऊ लाख युनिट होतात. स्वित्झर्लंडमधलं ठरावीक घर वर्षाला साडेचार हजार युनिट वापरतं असं धरतात, म्हणजे दोनशेच्या वर घरं झाली. आल्प्समधलं छोटं गाव तेवढंच असतं. त्याच ओढ्यावर खाली सपाटीला ५ मीटरचा बंधारा घातलात तर चारच किलोवॉट मिळतील, दोन-तीन गीझर लावले की संपलं.

तर ती गॅरेजएवढी इमारत म्हणजे या सगळ्याचं फक्त शेवटचं टोक. खरं केंद्र डोंगरात वर एक-दीड किलोमीटर पसरलेलं असतं, बहुतेक जमिनीखाली, म्हणून ट्रेक करणाऱ्याला दिसत नाही. वर ओढ्यात पाणी घेण्याची जागा, तिला आम्ही इनटेक म्हणतो, तिथून वाळू बसवायची टाकी, मग गाडलेला पाइप (पेनस्टॉक), आणि खाली पॉवरहाऊस.

आत काय असतं ते सांगतो कारण ते बघण्यासारखं आहे. एवढ्या उंचीसाठी पेल्टन टर्बाइन लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणी होत्या त्या भागात लेस्टर पेल्टन नावाच्या माणसाने ते शोधलं, १८८० चं पेटंट आहे, आणि मूळ कल्पना आजही तीच. एक चाक, त्याच्या कडेने वाट्या, प्रत्येक वाटीच्या मधोमध एक धारदार कणा असतो त्यामुळे वाटीचे दोन भाग होतात. नॉझलमधून पाण्याची धार बरोबर त्या कण्यावर येते, दोन्हीकडे फुटते, वाटीत वळते आणि जवळजवळ उलट्या दिशेने बाहेर पडते. वर घेतलेल्या उदाहरणात ३०० मीटरवरून आलेली धार नॉझलमधून सुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ७५ मीटर असतो, ताशी २७० किलोमीटर, आणि जाडी किती तर चार सेंटीमीटर! तुमच्या मनगटाहून बारीक धार. वाट्यांचा वेग धारेच्या साधारण निम्मा ठेवला की पाण्यातली जवळपास सगळी शक्ती चाकाला मिळते आणि पाणी दमून खाली पडतं. म्हणून ५० हर्ट्झला मिनिटाला १,००० फेरे फिरवायचे असतील तर चाक फक्त पाऊण मीटरच्या आतबाहेर लागतं. एका गावाची वीज देणारं चाक दोन माणसं आणि एक साखळी-पुली लावून उचलतात. मी पहिल्यांदा ते जवळून बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, आजही नवीन मुलं साइटवर आली की मी आधी त्यांना सुटं काढलेलं चाकच दाखवतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या जी बाहेरून कळत नाही. समजा ग्रिडवर काहीतरी झालं, लाइन ट्रिप झाली, जनरेटरवरचा लोड एका क्षणात शून्य. धार तर चालूच आहे, म्हणजे चाक पळत सुटणार, पेल्टन असं मोकाट सुटलं तर नेहमीच्या वेगाच्या पावणेदोन-एक पट जातं. तुम्ही म्हणाल मग पाणी पटकन बंद करा. तेच करायचं नसतं. पाइपात किलोमीटरभर पाणी सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेगाने येत असतं, ते झटक्यात थांबवलं तर त्याचा दाबाचा धक्का (वॉटर हॅमर) उलटा पाइपात वर जातो. आपल्या उदाहरणात तो १४० मीटर पाण्याच्या उंचीएवढा होतो, म्हणजे ३० बारचा पाइप (बार हे दाबाचं माप, दहा मीटर पाण्याला साधारण एक बार) अचानक ४४ बार सोसतो. म्हणून धारेच्या समोर एक लोखंडी पट्टी असते, डिफ्लेक्टर, ती एक-दोन सेकंदात आडवी येऊन धार चाकावरून बाजूला वळवते, आणि नॉझलमधली सुई मात्र सावकाश, अर्धा मिनिट वगैरे घेऊन बंद होते. चाक वाचतं, पाइपही वाचतो. पाइपाच्या बाबतीत हयगय का चालत नाही याचं उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडच्या व्हाले कॅन्टनमधलं (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) ब्युड्रों. ते काही छोटं केंद्र नाही, १,८८३ मीटर हेड (म्हणजे पाणी खाली येण्याची उंची), जगातलं सगळ्यात जास्त, १९९८ ला सुरू झालं आणि डिसेंबर २००० मध्ये त्याची दाबाची पाइपलाइन फुटली, तीन जण गेले, केंद्र पुन्हा चालू व्हायला २०१० उजाडलं. आमच्या छोट्या केंद्रांत दाब कमी असतो पण पाइप गावाच्या डोक्यावर असतो, त्यामुळे वेल्डिंग, व्हॉल्व्ह, दाबाची टेस्ट यात मी कधीच कोणाला पैसे वाचवू देत नाही.

पण खरं सांगू का, मशीन हा सोपा भाग आहे. चांगल्या कंपनीचं पेल्टन नीट ठेवलं तर चाळीस-पन्नास वर्षं चालतं. छोट्या केंद्राचं नशीब ठरतं वर इनटेकला, आणि लोक बघायला येतात ते खाली मशीन. माझा सगळा अनुभव एका वाक्यात मांडायचा तर पॉवरहाऊसवर खर्च करताना हात आखडता घ्या, इनटेकवर घेऊ नका.

कारण डोंगरातला ओढा नुसतं पाणी आणत नाही. संध्याकाळी वर वादळी पाऊस झाला की रात्री ओढ्यात दगड गडगडायला लागतात, जवळ उभं राहिलं तर पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटते. त्यासाठी तिकडे एक खास प्रकारचा बंधारा असतो, त्याला तिरोली बंधारा म्हणतात, ऑस्ट्रिया-इटलीच्या तिरोल भागावरून. पात्राच्या तळाशीच लोखंडी गजांची तिरकी जाळी बसवलेली, पाणी जाळीतून खाली पडतं आणि मोठे दगड वरून घसरून पुढे निघून जातात. बारीक खडे आणि वाळू मात्र पाण्याबरोबर आत येतात, म्हणून पुढे लांबट टाकी, तिथे पाण्याचा वेग इतका कमी करायचा की वाळू खाली बसेल, आणि ती अधूनमधून झडप उघडून परत ओढ्यात सोडायची. जिथे वर ग्लेशियर आहे तिथे आणखी एक त्रास, पाण्यात पिठासारखी बारीक दगडाची पूड असते, पाणी दुधाळ दिसतं, ती पूड कुठल्याच टाकीत बसत नाही. त्यात क्वार्ट्झ (गारगोटी) असलं तर ताशी २७० किलोमीटरने ते वाट्यांवर आदळतं, म्हणजे चोवीस तास सँडब्लास्टिंग. वाटीतला तो कणा बोथट होत जातो, आणि कण्याची धार वाटीच्या रुंदीच्या एक टक्क्याएवढी जाड झाली की साधारण एक टक्का वीज कमी. म्हणून आता वाट्यांना टंगस्टन कार्बाइडचं कोटिंग करतात. एका गावात (नाव देत नाही) वाळूची टाकी पैसे वाचवायला आखूड केली होती, जागाही अडचणीची होती हे खरं, पण थोड्याच दिवसांत चाक काढून बघितलं तर कणे करवतीसारखे झालेले. टाकीत वाचवलेले पैसे नवीन चाकात गेले, वर उन्हाळ्यातलं पाणी वाया गेलं ते वेगळंच.

आणि ऑक्टोबर! माझ्या मते वर्षातला सगळ्यात त्रासाचा महिना. आल्प्समध्ये लार्च नावाचं झाड आहे, सूचीपर्णी असूनही पानगळ होणारं, ऑक्टोबरच्या शेवटी सगळा डोंगर सोनेरी दिसतो, लोक फोटो काढायला येतात. मग एका वाऱ्याच्या रात्री त्या सगळ्या सुया पाण्यात पडतात आणि जाळीवर अशी चटई विणतात की पाणी आत जातच नाही, सगळं वरून वाहून जातं. पहाटे मोबाइलवर अलार्म येतो, वर टाकीतली पातळी खाली, मशीन आपोआप बंद. मग गावातला केंद्र बघणारा माणूस टॉर्च, बूट आणि दाताळं घेऊन वर जातो आणि जाळी खरवडतो. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. बऱ्याच ठिकाणी हा माणूस पूर्णवेळ नसतो, तोच गावाचं पिण्याचं पाणी बघतो, तोच हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढतो, घरी गायी असतात. पण ओढ्याच्या आवाजावरून त्याला कळतं की वर काय चाललंय. आमचे सेन्सर त्याच्यानंतर सांगतात. हल्ली कोआंडा जाळी नावाचा प्रकार बसवतात, मिलिमीटरभर फटींची गुळगुळीत वक्र जाळी, पाणी पृष्ठभागाला चिकटून फटीतून आत शिरतं आणि पानं-सुया घसरून जातात, त्याने रात्रीच्या चकरा खूप कमी झाल्यात.

आता हिवाळा. लोकांना वाटतं पाइपातलं पाणी गोठत असेल. पाइप गाडलेला असतो आणि वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही, बंद पडून उभं राहिलेलं पाणी गोठतं, म्हणून थंडीत मशीन बंद ठेवावं लागलं तरी थोडं पाणी वाहतं ठेवतात. खरी भानगड परत इनटेकलाच. निरभ्र रात्री तापमान उणे दहा-बारा झालं की उघड्या, खळाळत्या ओढ्यातलं पाणी शून्याच्या किंचित खाली जातं आणि त्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात, तरंगते, चिकट, ओल्या साबुदाण्यासारखे. ते लोखंडाला लागले की चिकटतात आणि बघता बघता अख्खी जाळी बंद होते. उपाय साधा पण डिझाइनमध्येच करावा लागतो, इनटेकच्या आधी पाण्याला खोल, संथ डोह द्यायचा, म्हणजे वर बर्फाचा थर धरतो आणि तो थरच खालच्या पाण्याचं पांघरूण होतो.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हिवाळ्यात पाणीच नसतं. वरचं सगळं पाणी बर्फ होऊन डोंगरावर पडून असतं. जानेवारी-फेब्रुवारीत ओढ्याला जे येतं ते फक्त झऱ्यांचं. एप्रिल-मेपासून बर्फ वितळायला लागतो, जून-जुलैत ओढा भरून वाहतो, ग्लेशियर असेल तर ऑगस्टमध्येही भरपूर, आणि रोजचा पण चढउतार असतो, दुपारी वर ऊन तापलं की ते पाणी काही तासांनी, संध्याकाळी खाली पोचतं. म्हणजे गावाला हीटिंगसाठी, स्कीच्या लिफ्टसाठी, हॉटेलांसाठी वीज सगळ्यात जास्त लागते हिवाळ्यात आणि आपलं केंद्र तेव्हा सगळ्यात कमी देतं. त्यामुळे वर्षाचा हिशोब केला तर गाव स्वतःपुरती वीज काढतं असं म्हणता येतं, पण रोजच्या रोज नाही, उन्हाळ्यात ग्रिडला विकतं आणि हिवाळ्यात ग्रिडकडून घेतं. पाट्यांवर "आमच्या ओढ्याची शंभर टक्के वीज" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच घ्या.

यात कायद्याचाही भाग आहे. स्वित्झर्लंडच्या १९९१ च्या पाणी संरक्षण कायद्यात ओढ्यात किती पाणी सोडायचंच याचा नियम आहे. वर्षातले ३४७ दिवस जेवढा किंवा त्याहून जास्त प्रवाह असतो तो आकडा धरतात, आणि तो सेकंदाला ६० लिटरपर्यंत असेल तर किमान ५० लिटर सोडायचे. म्हणजे छोट्या ओढ्यावर हिवाळ्यात जवळपास सगळंच पाणी ओढ्याचं, मशीन बंद. काही गावकरी यावर कुरकुरतात, माझं स्पष्ट मत आहे की नियम बरोबर आहे. इनटेक आणि पॉवरहाऊस यांच्यामधला ओढ्याचा जो तुकडा असतो त्यातलं पाणी आपण काढून घेतो, तिथे ट्राउट मासे असतात, दगडाखालचे किडे असतात, आणि जुनी केंद्रं जिथे काहीच सोडत नव्हती तिथले कोरडे पांढरे दगड मी पाहिलेत. पर्यावरणवाले म्हणतात की आल्प्समधले न अडवलेले ओढे आता थोडेच राहिलेत, तेवढ्या चिमूटभर विजेसाठी तेही अडवू नका, आणि ते माझ्या पोटावर पाय देणारं असलं तरी मला पटतं. २०१८ च्या ऊर्जा कायद्यातही ओढ्यावरच्या १ मेगावॉटच्या खालच्या नव्या केंद्रांना हमीदराची (ठरलेल्या दराने वीज विकत घ्यायची) मदत ठेवली नव्हती.

पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनवरच्या केंद्रांना मात्र या १ मेगावॉटच्या अटीतून सूट होती, आणि तो माझा सगळ्यात आवडता विषय. आल्प्समधल्या गावाचं पिण्याचं पाणी वरच्या झऱ्यातून येतं, दोनशे-तीनशे मीटर उंचीवरून. एवढा दाब घरच्या नळाला झेपत नाही म्हणून पूर्वी मध्ये मध्ये दाब तोडायच्या टाक्या किंवा व्हॉल्व्ह बसवायचे, म्हणजे सगळी शक्ती वाया. त्याऐवजी टाकीच्या तोंडाशी छोटं स्टेनलेस स्टीलचं पेल्टन बसवायचं, धार चाकावर पडते, पाणी खाली टाकीत जातं आणि तेच पाणी नळाला. बेअरिंग पाण्याच्या बाहेर ठेवायचे, तेल-ग्रीस पाण्याला लागायचा प्रश्नच नाही. ओढ्यातला एक थेंब कमी होत नाही, वाळू नाही, सुया नाहीत, आणि झरा हिवाळ्यातही चालू असतो. कोणी गावकरी मला विचारतात की आमच्याकडे केंद्र होईल का, तर मी आधी नळयोजनेचा नकाशा मागतो, ओढा नंतर.

चालवतं कोण हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एवढीशी केंद्रं टिकली ती मालकीमुळे. सुरुवात हॉटेलवाल्यांनी केली. सेंट मॉरिट्झच्या कुल्म हॉटेलचे योहानेस बाद्रुट १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात विजेचे दिवे बघून आले आणि त्यांनी ओढ्यावर छोटं केंद्र टाकून हॉटेलात दिवे लावले, स्वित्झर्लंडमधले ते पहिले. पुढे गावांनी, सहकारी संस्थांनी केंद्रं काढली. इटलीच्या दक्षिण तिरोलमध्ये स्टेल्व्हिओ घाटाखाली प्राद नावाचं साडेतीन हजार वस्तीचं गाव आहे, तिथे १९२० च्या दशकात निघालेली वीज सहकारी संस्था आजही गावाची वीज आणि गावातल्या तारा दोन्ही सांभाळते. इटलीने १९६२ मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा वर्षाला दीड कोटी युनिटच्या खालचे उत्पादक वगळले होते, त्या फटीतून अशी गावकीची केंद्रं वाचली. आपल्याकडच्या माणसाला सहकार समजावून सांगावा लागत नाही, आणि पाण्याच्या पाळ्याही नाही, व्हाले भागात शतकानुशतकं डोंगरातून शेतीला पाट काढलेत आणि त्यांच्या पाळ्या गाव ठरवतं, धुळ्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते लगेच ओळखीचं वाटेल.

स्वित्झर्लंडमध्ये पाण्यावरचा हक्क कॅन्टनचा, आणि काही कॅन्टनमध्ये थेट गावाचा. कंपनीला पाणी वापरायचं तर जास्तीत जास्त ८० वर्षांचा करार, दर किलोवॉटला वर्षाला जास्तीत जास्त ११० फ्रँक पाणीपट्टी (१ मेगावॉटच्या खाली माफ), आणि करार संपला की बंधारा, बोगदे, पाइप, टर्बाइन असं ज्यातून पाणी जातं ते सगळं फुकट गावाकडे किंवा कॅन्टनकडे परत येतं. हे वाचून मला पहिल्यांदा मुळशी आठवलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तरी धरण झालं आणि गावं गेली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९४६ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या आन्डरमाटमध्ये हेच झालं, उर्झेरेन दरीत प्रचंड धरण बांधून आन्डरमाटसकट तीन गावं बुडवायची योजना होती, लोकांनी एका रात्री योजनेच्या इंजिनियरला मारहाण करून गावातून पिटाळून लावलं. तिथे मात्र योजना मागे घ्यावी लागली. पण धरण शेजारच्या ग्योशेनेरआल्पवर गेलं, तिथली छोटी वस्ती कमी लोकांची होती, ती पाण्याखाली गेली. त्या दरीत कामाला गेलं की मी धरणावर उभा राहून हे आठवल्याशिवाय राहत नाही. छोट्या केंद्राच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, त्यात कोणाचं घर जात नाही.

अजून एक गैरसमज काढतो, गावात केंद्र आहे म्हणजे देशात अंधार झाला तरी गावात दिवे राहतील असं नाही. २८ सप्टेंबर २००३ ला पहाटे तीनच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लुकमानियर लाइनवर झाडाजवळ फ्लॅशओव्हर झाला (तारेतून झाडाकडे ठिणगी गेली), लोड दुसऱ्या लाइनवर गेला, ती पण ट्रिप झाली, आणि अर्ध्या तासात सार्डिनिया सोडून जवळपास सगळी इटली अंधारात. बहुतेक छोटी केंद्रं ग्रिडची फ्रीक्वेन्सी धरूनच चालतात, ग्रिड गेला की सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतात. एकटं गाव चालवायचं तर सिंक्रोनस जनरेटर (ग्रिडच्या आधाराशिवाय चालू शकणारा), चांगला गव्हर्नर (लोडप्रमाणे पाणी कमीजास्त करून वेग धरणारा), सुरुवातीला लागणारी बॅटरी आणि गावाच्या तारा वेगळ्या करायची सोय हे सगळं आधीच करून, वर्षातून एकदा तरी चालवून बघावं लागतं. खर्च असतो, पण दरीत जायला एकच रस्ता आणि एकच लाइन असेल तर मी ते करायलाच सांगतो.

पुढचं काय, तर काळजी आहे. स्वित्झर्लंडच्या ग्लेशियरांचा २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत सुमारे दहा टक्के बर्फ गेला. सध्या वितळतंय म्हणून पाणी जास्त दिसतं, पण तो साठा संपतोय, आणि ऑगस्टचं पाणी आधी कमी होणार. वर डोंगरही ढिला होतोय. २८ मे २०२५ ला लोट्शेन दरीत बिर्ख ग्लेशियर दरडीसकट कोसळून ब्लाटेन गाव गाडलं गेलं, मागे पाणी तुंबलं, खालचं फेर्डेनचं धरण खबरदारी म्हणून रिकामं करावं लागलं. नशिबाने लोकांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं. आता इनटेकची जागा ठरवताना भूगर्भवाल्याचा रिपोर्ट मी आधी वाचतो आणि पाण्याचे आकडे नंतर.

आणि सह्याद्री. उंची आपल्याकडे आहेच, टाटांनी १९१५ ला खोपोलीत १,७२५ फुटांचं हेड वापरून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, नंतर भिवपुरी, भिरा. पण त्यासाठी वर लोणावळा, वळवण, शिरवता, मुळशी असे तलाव बांधावे लागले, कारण आपला पाऊस चार महिन्यांत पडून वाहून जातो. आल्प्समध्ये बर्फच तलावाचं काम करतो, फुकटात, म्हणून तिथे धरणाशिवाय ओढ्यावर केंद्र चालतं. आपला पावसाळ्यात गर्जणारा धबधबा जानेवारीत ओलसर कातळ असतो. नुसत्या धबधब्यावर मशीन टाकलं तर ते वर्षातले सात-आठ महिने बंद, आणि पावसात दगडमातीने भरणार. आपल्याकडे शहाणपणाची जागा म्हणजे आहेत त्याच सिंचन धरणांच्या पायथ्याला, पाणी शेतीला किंवा प्यायला सोडायचंच आहे तर टर्बाइनमधून सोडा, पानशेत, वरसगाव, भाटघर, वीर इथे ते झालेलंच आहे. हेड कमी म्हणून तिथे पेल्टन नाही, फ्रान्सिस किंवा कॅप्लान जातीचं टर्बाइन लागतं. आणि डोंगराळ भागात वरून ग्रॅव्हिटीने येणारी जिथे मोठी नळयोजना असेल, बारमाही पाण्याची, तिथे दाब तोडायचे व्हॉल्व्ह किती आणि कुठे आहेत ते कोणीतरी एकदा नीट मोजायला पाहिजे.

कोणाला तिकडे जाऊन केंद्र आतून बघायचं असेल तर गावाच्या पंचायत ऑफिसात किंवा पर्यटन खिडकीवर विचारा, बरीच गावं गट असेल तर दाखवतात. शक्यतो जूनमध्ये जा, तेव्हा मशीन फुल चालू असतं, आणि नुसतं खाली बघून परत येऊ नका, वर इनटेकपर्यंत चालत जा, चढ असतो पण पायवाट असते. तिथे पाण्याच्या जवळ उभे राहू नका, वरची वाळूची टाकी धुवायची झडप आपोआप उघडते आणि खालच्या पात्रात पाणी एकदम वाढतं, त्याची पिवळी पाटी लावलेली असते ती वाचा.